नेम आधी काडतुसात भरतात

शिरगावचा किल्ला पालघरकरांना ठाऊक असतो तो फांद्या फुटलेल्या ताडासाठी. आलेले लोक फोटो काढतात ते ताडाचे. जुन्या लोखंडी तोफांकडे वळतात ती लहान मुलं, आणि तीही नळीत हात किती आत जातो ते बघायला. मुलांचा हात पडतो मात्र अगदी नेमक्या जागी. तोफेचा नेम ठरायचा तो त्या पोकळीत, आणि बिघडायचाही तिथंच. गोळा नळीच्या मापाचा कधीच नसे, मुद्दाम थोडा लहान ठेवलेला असे. ओतीव गोळा पुरता गोल निघत नसे, त्यावर गंज चढे, आणि चार बार झाले की जळक्या दारूची काजळी नळीत थापली जाई. बेताच्या मापाचा गोळा ऐन लढाईत अडकला असता. पण या फटीची किंमत मोजावी लागे. दारू पेटली की बराचसा वायू गोळ्याच्या कडेनं निसटून जाई. गोळा भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा आपटा जिकडे बसेल त्याच्या उलट बाजूला भरकटे.

बंदुकीची गतही वेगळी नव्हती. अठराव्या शतकातल्या इंग्रजी ब्राउन बेस बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची आणि तिच्यात घालायची गोळी साडेसतराची. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत पालघर परिसरातली माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. ती लढाई अशाच सैल गोळ्यांची होती. शंभर पावलांवरचा एकच माणूस ठरवून टिपणं त्या बंदुकीला अवघड होतं, म्हणून गर्दीवर गोळ्यांचा मारा करायचा आणि कुणाला तरी लागेल या हिशेबानं लढायचं.

आज ३०० मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ अवघं १० सेंटिमीटरचं असतं आणि कसलेले नेमबाज त्यात गोळीमागून गोळी घालतात. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. नळीला आतून आटे आले, म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत, तोंड न वळवता जाऊ लागली. दुसरी गोष्ट काडतुसाची. गोळी, दारू आणि दारू पेटवणारी टोपी हे तिन्ही एका पितळी पुंगळीत बंद झालं. बार काढायच्या क्षणी सैनिकाच्या हातात असलेलं काम त्यामुळे आधीच, शांतपणे, मोजमापानं करता येऊ लागलं. हे मोजमाप घरच्या टेबलावर करणाऱ्या माणसांची एक जमात जगभर आहे. आपल्या रायफलीसाठी काडतुसं ती स्वतः भरतात, आणि त्यांच्यात सर्वांत जास्त वाद झडतो तो भरायचा प्रेस कोणता घ्यावा यावर.

आपल्याकडे या वादात पडण्याआधी कायदा बघावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, आणि तिथं स्थायिक झालेल्या मराठी माणसाला शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये हा उद्योग करता येतो. तेव्हा बोईसरच्या एखाद्या कारखान्याच्या टूलरूममध्ये हा लेख कुणी वाचलाच, तर वाचून सोडून द्यावा. यंत्र समजून घ्यायला कुणाची मनाई नाही, आणि पॉवर प्रेसवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते इतरांपेक्षा लवकर समजेल.

प्रेसच्या आधी पितळ, कारण प्रेसचं सगळं काम पितळाशीच असतं. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार झाला की ३०८ जातीच्या रायफलीत साधारण ४,००० वातावरणांइतका दाब तयार होतो. पुंगळी त्या दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. शिरगावच्या तोफेत जी फट होती ती इथं बार होतानाच बुजते. दाब उतरला की पुंगळी परत आकसते, पण फुगा एकदा फुगवून सोडला की जसा मूळ मापाला येत नाही तशीच तीही थोडी मोठी राहते. पुन्हा वापरायची तर तिला दाबून मापात आणावं लागतं. तेवढ्यासाठीच प्रेस लागतो.

या पितळाची एक गोष्ट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे आणि धातुशास्त्राच्या पुस्तकांत ती हमखास येते. ब्रिटिश लष्कराची हिंदुस्थानात साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नाही, डबा उघडावा तर पुंगळ्यांच्या मानेवर उभ्या चिरा. सगळ्यांना वाटलं हवामानाचा दोष, म्हणून त्या चिरांना नावही ऋतूवरून पडलं. खरं कारण निघालं घोड्यांच्या पागेत. काडतुसं पागेजवळ ठेवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया हवेत मिसळे आणि दमट हवेत तो पितळावर बसे. नुसता अमोनिया पितळाला चीर पाडत नाही. पुंगळी ओढून बनवताना धातूत जो ताण कोंडलेला राहतो त्याला अमोनियाची जोड मिळाली की मात्र धातू कणाकणांच्या सांध्यावर फाटतो. हा उलगडा १९२१ मध्ये झाला. उपाय सोपा निघाला: पुंगळीची मान बेताची तापवायची, म्हणजे आतला ताण सुटतो. आजही कितीतरी लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तापवण्याची खूण. डाग समजून ती घासून काढायची नसते. पितळ चकाकवायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नका, असं काडतुसं भरणाऱ्यांना बजावतात, तेही याच कारणासाठी.

घरी भरणाऱ्यालाही हे तापवणं सुटत नाही. प्रत्येक बाराला मान फुगते, प्रेसमध्ये दबते, पुन्हा फुगते, आणि अशा ओढाताणीत पितळ कडक होत जातं. कडक मान प्रेसनं कितीही दाबा, दाब काढला की थोडी उसळून मागे येते, आणि प्रत्येक पुंगळीचं उसळणं वेगळं. मग एक मान गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल. घट्ट मानेतली गोळी सुटायला जरा जास्त दाब लागतो, वेग बदलतो, आणि लांबच्या लक्ष्यावर गोळी वर-खाली पडते. महागडा प्रेस घेऊन जुन्या, कडक झालेल्या पुंगळ्या दाबत बसणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

आता प्रेस. ओतीव लोखंडाची एक चौकट, खाली वर-खाली होणारा रॅम, वर डाय बसवायला आट्यांचं भोक. हे आटे अमेरिकेत ठरून गेलेत, सात अष्टमांश इंच व्यासाला इंचात १४. म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये सहसा चालते. पुंगळीची बुडाची कड रॅमच्या टोकावरच्या खाचेत सरकवायची आणि हँडल खाली ओढायचं. रॅम वर चढतो, पुंगळी डायमध्ये शिरते, सुरुवातीला सहज, मग खांदा टेकला की हाताला जाणवेल असं जड. त्याच वेळी डायच्या मधोमध असलेली पिन पुंगळीत उतरते आणि बुडातली वापरलेली टोपी खाली ढकलून देते. टिक करून ती डब्यात पडते. एका ओढ्यात दोन कामं. पुढं नवी टोपी, मोजून दारू आणि शेवटी दुसरी डाय लावून गोळी बसवणं.

टोपी ढकलण्याचं हे काम सगळ्या पुंगळ्यांवर जमत नाही, आणि यामागे इतिहासाचा एक गमतीदार तिढा आहे. ब्रिटिश अधिकारी बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीतल्या टोपीच्या घराच्या तळाला मधोमध एकच भोक असतं, पिन त्यातून सरळ जाते. अमेरिकन बर्डनच्या पद्धतीत मध्ये ऐरण आणि तिच्या कडेला बारीक भोकं, पिनेला वाट नाही. पण रूढ झालं ते उलटं. इंग्रजाची पद्धत अमेरिकेनं उचलली आणि अमेरिकनाची युरोपनं, ब्रिटिश लष्करानं. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ३०३ काडतुसांतही बर्डनच. घरगुती भराई अमेरिकेत फोफावली याला तिथला मोकळा कायदा कारण आहे हे खरं, पण हे मधलं भोकही कारण आहे.

बोईसरच्या प्रेसशॉपमधला माणूस कुठलाही प्रेस बघताना आधी चौकट बघेल. इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूनं उघडी चौकट हात घालायला सोयीची, पण जोर पडला की तिचं तोंड किंचित उघडतं. ओ अक्षरासारखी बंद चौकट दोन्ही बाजूंनी भार घेते. कॅलिफोर्नियात १९४३ मध्ये सुरू झालेल्या आरसीबीएसचा रॉक चकर हा या बंद चौकटीचा नमुनेदार प्रेस. गोळी बसवायला फार जोर लागत नाही, तिथं उघडी चौकटही चालून जाते. पुंगळी पूर्ण दाबताना मात्र फरक उघडा पडतो, कारण इथं हिशेब थाउचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा असतो. पुंगळीचा खांदा चेंबरमध्ये बसलेल्या मापापेक्षा एक-दोन थाउ मागे सारायचा, जास्त नाही. जास्त सारला तर पुढच्या बाराला पुंगळी ताणली जाते, आणि असं वारंवार झालं की बुडाच्या वर गोल भेग पडून पुंगळी तुटते.

पण चौकटीवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. दाबण्याआधी पुंगळ्यांना लावायचं तेल कमी-जास्त लागलं की घर्षण बदलतं, लागणारा जोर बदलतो, चौकटीचं ताणलं जाणं बदलतं आणि खांद्याचं माप एक थाउनं इकडे-तिकडे होतं. बंद चौकटीतही होतं, उघडीत जरा जास्त. म्हणजे चांगला प्रेस घेऊनही तेल लावण्यात आळस केला तर तो पैसा पाण्यात.

दुसरी बाब सरळपणाची. रॅमचा मध्य आणि डायचा मध्य एका रेषेत हवेत, नाहीतर पुंगळीची मान वाकडी होते आणि त्या वाकड्या मानेत गोळीही तिरपी बसते. काडतूस व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेजची सुई गोळीवर टेकवायची आणि हातानं फिरवायचं. सुई दोन-तीन थाउच्या आत हलली तर काम नेटकं. दहा हलली तर कुठंतरी वाकडं आहे. इथं अनेकजण एक गृहीत धरतात की प्रेस जितका कसलेला, अजिबात न हलणारा, तितका चांगला. माझं मत तसं नाही. सगळं घट्ट आवळलेलं आणि किंचित वाकडं असलं तर प्रत्येक पुंगळी इमानेइतबारे वाकडी होते. थोडी मोकळीक असली तर पुंगळी डायच्या मुखाशी स्वतःच मध्य शोधते. फॉर्स्टर कंपनीच्या को-अॅक्स प्रेसमध्ये ही मोकळीक मुद्दाम दिलेली आहे. डाय आट्यात पिळायची नसते, खाचेत सरकवायची असते, आणि पुंगळी धरणारे जबडेही थोडे हलतात. पाहणाऱ्याला ढिसाळ वाटतं, पण काडतुसं सरळ निघतात. मात्र रॅम झिजून आलेला प्ले आणि अशी आखून दिलेली मोकळीक यात गल्लत करू नये.

मग प्रश्न वेगाचा. एका वेळी एकच डाय लावणाऱ्या साध्या प्रेसवर आधी सगळ्या पुंगळ्या दाबून घ्यायच्या, मग डाय बदलून सगळ्यांत गोळ्या बसवायच्या. टरेट प्रेसमध्ये वर फिरतं डोकं, त्यात चार-पाच डाय, डोकं फिरवलं की पुढचं काम. ते डोकं जोर पडला की मागच्या बाजूला केसभर उचलतं, पण दर वेळी तेवढंच उचलत असेल तर डाय त्या हिशेबानं लावता येते. तिसरा प्रकार प्रोग्रेसिव्ह. खालची तबकडी फिरते, हँडलच्या प्रत्येक ओढ्याला एक काडतूस तयार. पिस्तुलाच्या सरावाला हजारोंनी काडतुसं लागतात, तिथं डिलनसारख्या प्रोग्रेसिव्हला तोड नाही. लांब पल्ल्याच्या रायफलीला मी तो निवडणार नाही. एकाच वेळी चार पुंगळ्यांवर चार वेगळी कामं चालली की तबकडीवरचा भार असमान पडतो. आणि दारू तिथं वजनानं नाही, मापट्यानं पडते. रायफलीची पुष्कळशी दारू बारीक कांड्यांची असते. कांड्या मापट्यात आडव्या अडकतात, कधी कमी पडतात कधी जास्त.

हे वजनाचं प्रकरण किती नाजूक आहे ते सराफाला विचारावं. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. चोखंदळ माणूस ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेचा एकोणिसावा हिस्सा. ३०८ च्या गोळीचा वेग सेकंदाला १५ मीटरनं कमी-जास्त झाला तर शंभर मीटरवर कुणाच्या लक्षातही येत नाही. हजार यार्डांवर तोच फरक गोळीला जवळपास अर्धा मीटर वर किंवा खाली नेतो. आडवा नेम कितीही चोख असो, गोळी मधल्या वर्तुळाबाहेर.

बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून पाच गोळ्या एका भोकात घालू पाहणारे, आणखी एक पाऊल पुढं जातात. पुंगळी दाबायला साधा एकेरी प्रेस, आणि गोळी बसवायला आर्बर प्रेस. हा म्हणजे दात्यांच्या दांड्याचा हातप्रेस, बेअरिंग बसवायला टूलरूममध्ये असतो त्याचं पिल्लू. डाय त्यात पिळलेली नसते, काडतुसासकट नुसती खाली उभी असते, त्यामुळे प्रेसचा वाकडेपणा काडतुसात शिरायला वावच राहत नाही. शिवाय गोळी आत जाताना लागणारा जोर थेट तळहाताला कळतो. एखादी गोळी लोण्यात गेल्यासारखी गेली, की ते काडतूस बाजूला काढून सरावाला ठेवतात. महिन्याला शेकड्यानं काडतुसं भरणाऱ्या, एकाच रायफलीवर जीव असलेल्या माणसाला मी हीच जोडी सुचवीन: बंद चौकटीचा एकेरी प्रेस आणि शेजारी आर्बर. उरलेल्या पैशांत महाग प्रेसऐवजी चांगली डाय, तराजू आणि डायल गेज.

महाराष्ट्रातले खरे प्रेस मात्र टेबलावर मावणारे नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा १९६४ चा. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहेत, आणि तिचं मुख्यालय पुण्यातच. पुंगळी तिथं पितळी पत्र्याच्या चकतीपासून जन्मते. चकतीची आधी वाटी होते, वाटी टप्प्याटप्प्यानं ओढत लांब नळी होते, आणि दोन ओढींच्या मध्ये तिला तापवून नरम करावं लागतं, नाहीतर पितळ फाटतं. शेवटी बूड ठोकून कडक करतात आणि मान आवळल्यावर तापवून नरम करतात. एकाच पुंगळीत एक टोक टणक, दुसरं लवचिक, ही करामत सगळी दाबण्याच्या आणि तापवण्याच्या क्रमात आहे. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर केएफ ही अक्षरं असतात. परवानाधारक शेतकऱ्यांची बारा बोअरची शक्तिमान काडतुसं तिथलीच.

कारखान्यापुढची अडचण घरच्या टेबलापेक्षा वेगळी आहे. त्याचं काडतूस कुणाच्याही, कितीही झिजलेल्या वा घट्ट चेंबरच्या बंदुकीत गेलं पाहिजे, म्हणून ते सर्वांत लहान चेंबरच्या मापाला बेतावं लागतं. बाकीच्या बंदुकांत ते थोडं सैलच बसणार. घरी भरणारा एकाच रायफलीचा विचार करतो, आणि त्याची सगळी बढत या एका गोष्टीत आहे.

आपल्या नेमबाजांना मात्र प्रेस असून उपयोग नसता. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. ही ५० मीटरची रायफल ०.२२ ची, रिमफायर. तिच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत आतून भरलेला असतो आणि घोड्याची पिन ती कडच चेपते. एकदा चेपलेली कड परत भरता येत नाही, पुंगळी फेकून द्यायची.

दहाचं वर्तुळ मात्र १०.४ मिलिमीटरचं, आणि गोळीच ५.६ मिलिमीटर जाड. काडतूस स्वतः भरता येत नसेल तर उरतं ते निवडणं. बर्मिंगहॅमची एली किंवा जर्मनीत शोनेबेकला बनणारी लापुआ, एकाच नावाचा, एकाच किमतीचा माल; पण यंत्रावरून उतरलेला प्रत्येक लॉट मसाल्यात, मेणात, शिशाच्या कडकपणात सूक्ष्म फरकाचा निघतो. नेमबाज आपली रायफल घेऊन चाचणी केंद्रावर जातो. बॅरल शिकंज्यात आवळतात, माणसाचा श्वास, खांदा, बोट सगळं बाजूला ठेवून एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडतात आणि पडद्यावर भोकांचा घेर मोजतात. एका रायफलीला भावलेला लॉट शेजारच्या रायफलीतून पसरलेला निघतो, भाव तोच, खोकंही तेच. ज्याचा घेर सर्वांत लहान, त्या लॉटची मोसमभर पुरतील इतकी खोकी एकदम उचलायची, कारण तो लॉट संपला की तोच माल पुन्हा मिळत नाही.